जातोय, गेलो, जायचो

‘आम्ही नदीवर जायचो.’ तीन शब्दांचं वाक्य, पण त्यात नदीपेक्षा काळच जास्त आहे. सांगणारा आता नदीवर जात नाही. बरोबरचे बहुधा पांगले. ते दिवस कसे होते याबद्दल त्यानं स्वतःशी काहीतरी ठरवूनही टाकलंय. एवढं सगळं त्या ‘यचो’नं परस्पर सांगून टाकलं. ‘आम्ही नदीवर गेलो’ म्हटलं की एका ठरावीक दिवसाची गोष्ट सुरू होते. आणि ‘मी नदीवर जातोय’ म्हटलं की पुढं काय होणार ते सांगणाऱ्यालाही ठाऊक नाही. त्याचा पाय घसरला तर आपलाही घसरणार.

यंग अॅडल्ट, म्हणजे किशोरवयीन वाचकांसाठीच्या कादंबऱ्या आणि मोठ्यांच्या कादंबऱ्या आलटूनपालटून वाचणाऱ्यानं ही तीन क्रियापदं खिशात ठेवावीत. फळीवर पुस्तकं लावणारे नायकाचं वय बघतात. नायिका सोळा वर्षांची असली की पुस्तक एका बाजूला, चाळिशीची असली की दुसऱ्या. पण सोळा वर्षांची माणसं दोन्ही बाजूंना भरपूर आहेत. खरा फरक आहे तो सांगणारा आपली गोष्ट किती लांबून सांगतोय यात. एकदा हे अंतर मोजायची सवय लागली की पुस्तक कोणत्या फळीवरून उचललं याला फार महत्त्व राहत नाही. आणि एका फळीवरच्या अपेक्षा दुसऱ्या फळीवरच्या पुस्तकावर लादून होणारी चिडचिडही बरीच कमी होते.

सुझन कॉलिन्सची ‘द हंगर गेम्स’ २००८ मधली. जिवावरच्या सक्तीच्या खेळात उतरलेली कॅटनिस सोळा वर्षांची आहे आणि पूर्ण गोष्ट वर्तमानकाळात सांगते. सांगणं आणि घडणं यांत अंतर शून्य. शेवटच्या पानापर्यंत ती जगेल का, हे सांगणाऱ्या आवाजावरून कळू शकत नाही, कारण तो आवाज पुढच्या मिनिटातून आलेलाच नाही. आता हार्पर लीची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ घ्या, १९६० ची. स्काउट गोष्टीच्या सुरुवातीला सहाचीही पूर्ण नाही, म्हणजे कॅटनिसपेक्षा दहा वर्षांनी लहान. तरी ती कादंबरी मोठ्यांची म्हणून आली, कारण सांगणारी स्काउट मोठी झालेली आहे. पहिल्याच वाक्यात ती भावाच्या मोडलेल्या हाताचा उल्लेख करते आणि मग तिथवर कसं पोचलो ते उलगडते. शेवट आधी माहीत असलेल्या माणसाची ही पद्धत. तुरुंगापुढचा प्रसंग आठवा. आतल्या कैद्याला मारायला जमाव चालून आलेला, आणि छोटी स्काउट त्यातल्या एका ओळखीच्या माणसाशी त्याच्या मुलाबद्दल आणि जमिनीच्या भानगडीबद्दल साध्या गप्पा मारते. जमाव पांगतो. आपण काय केलं हे त्या मुलीला कळत नाही, सांगणाऱ्या बाईला कळलेलं आहे आणि ती ते बोलून दाखवत नाही. या तिघांमधल्या, म्हणजे मुलगी, बाई आणि वाचक यांच्यामधल्या फटीत तो प्रसंग उभा आहे.

मधली अंतरंही असतात, आणि मला तीच जास्त रंजक वाटतात. सॅलिंजरच्या ‘द कॅचर इन द राय’मधला होल्डन (पुस्तक १९५१ चं, आणि मोठ्यांसाठीच काढलेलं) घटना घडल्या तेव्हा सोळाचा आणि सांगताना सतराचा आहे. अंतर जेमतेम वर्षाचं. गोष्ट भूतकाळात आहे, पण निकाल लागलेला नाही. इतक्या कमी अंतरावरून माणसाला राग आठवतो, रागाचं कारण नीट मांडता येत नाही. होल्डन ‘किरकिरा’ वाटतो ही वाचकांची जुनी तक्रार आहे. बहुतेकदा ही तक्रार करणारा त्याच्याकडून स्काउटच्या अंतराची अपेक्षा करत असतो. एस. ई. हिंटननं ‘द आउटसायडर्स’ पंधराव्या वर्षी लिहायला घेतली, १९६७ मध्ये ती छापून आली तेव्हा हिंटन अठराची होती. तिचा चौदा वर्षांचा निवेदक हे सगळं शाळेच्या निबंधासाठी लिहितोय, असं शेवटच्या ओळीत कळतं, आणि ती ओळ म्हणजे पुस्तकाचीच पहिली ओळ असते. इथं तर अंतर फार तर काही महिन्यांचं. जखमेवरची खपली अजून निघालेली नाही.

म्हणून कोणतीही कादंबरी हातात घेतल्यावर पहिल्या दहा पानांत तीन गोष्टी पाहाव्यात. निवेदक किती वर्षांचा आहे, घटना घडल्या तेव्हा किती वर्षांचा होता, आणि दोन्हींमधल्या काळात त्याचं काय झालं याचा एखादा तरी धागा सुटा दिसतोय का. तिसरा प्रश्न लोक विसरतात. ‘तेव्हा मला वाटलं’, ‘नंतर कळलं’, ‘आता विचार केला तर’ अशी वाक्यं पेन्सिलीनं खुणावत जावं. दहा पानांत अशा पाच-सहा खुणा झाल्या तर पुस्तक आठवणीवर चालतं, त्यात घटनेपेक्षा घटनेचा अर्थ महत्त्वाचा, आणि तिथं ‘पुढं काय?’ हा प्रश्न घेऊन बसलात तर कंटाळणार. एकही खूण नसेल तर पुस्तक प्रसंगावर चालतं. त्यात ‘याचा अर्थ काय?’ म्हणून दर परिच्छेदाला थांबलात तर लेखकानं बांधलेला वेगच मोडतो, आणि वेग मोडला की अशा पुस्तकात फारसं काही उरत नाही. तृतीयपुरुषी निवेदन असेल तर हेच प्रश्न जरा वळवून विचारायचे: निवेदकाला पात्रापेक्षा जास्त ठाऊक आहे का, आणि तो ते केव्हा सांगतो?

अंतर ओळखण्यात चूक झाली की काय होतं याचं उत्तम उदाहरण म्हणजे काझुओ इशिगुरोची ‘नेव्हर लेट मी गो’ (२००५). निवासी शाळा, तीन मित्र, त्यांच्यातला प्रेमाचा तिढा, आणि या मुलांचं भवितव्य आधीच ठरवून टाकणारी एक व्यवस्था. नुसती यादी वाचली तर ही सरळ यंग अॅडल्ट डिस्टोपिया, म्हणजे बिघडलेल्या भविष्यातल्या जगाची गोष्ट आहे. तशा अपेक्षेनं ती हातात घेणारे वाचक हमखास एका ठिकाणी अडतात: ही मुलं पळून का जात नाहीत? पहिली दोनच वाक्यं नीट वाचली तर अडायचं कारण नाही. सांगणारी कॅथी एकतीस वर्षांची आहे. जे व्हायचं ते बरंचसं होऊन गेलंय. बंड करायला लागणारी जागा, म्हणजे ‘अजून काही ठरलेलं नाही’ ही जाणीव, तिच्या आवाजातच नाही. ती सतत एखाद्या घटनेचं नाव घेते, थांबते, ती समजायला आधी दुसरं काहीतरी सांगावं लागेल म्हणते, आणि मागं जाते. ज्यांना हे पाल्हाळ वाटतं त्यांनी असं प्रत्येक वळण समासात फुलीनं दाखवावं आणि वचन दिलेली घटना नंतर कुठल्या पानावर येते ते लिहावं. चार-पाच फुल्यांनंतर लक्षात येतं की कॅथी वाईट बातमी नेहमी अशीच आणते, आधी तिचं नाव उच्चारून, मग तिच्यापासून लांब जाऊन. गंमत अशी की अमेरिकेत दर वर्षी मोठ्यांसाठीच्या पण बारा ते अठरा वयाच्या वाचकांना भिडतील अशा दहा पुस्तकांना ‘अॅलेक्स’ पुरस्कार देतात, १९९८ पासून, आणि २००६ च्या यादीत हे पुस्तक होतं. पंधरा वर्षांच्या वाचकाला ते ‘जमतं’, फक्त त्याला ‘गेलो’ची सवय असते आणि इथं सगळं ‘जायचो’ आहे, एवढं सांगितलेलं असावं.

फळ्यांच्या राजकारणावर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. हॅरी पॉटरच्या पहिल्या भागाला १९९८ मध्ये मोठ्यांसाठी वेगळं काळंपांढरं मुखपृष्ठ मिळालं, आत अक्षर तेच. मार्क हॅडनची ‘द क्युरियस इन्सिडेंट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम’ २००३ मध्ये ब्रिटनमध्ये एकाच वेळी मुलांसाठी आणि मोठ्यांसाठी अशा दोन आवृत्त्यांत निघाली. फळी पुस्तकाच्या आत नसते, एवढं यातून कळलं तरी पुरे.

मराठीत ही फळी जवळजवळ नाहीच. ‘कुमार वाङ्मय’ हा शब्द आहे, पण त्याला वर्गातल्या खडूचा वास येतो, आणि ज्यांच्यासाठी तो आहे ती मुलं त्या शब्दाखाली ठेवलेलं पुस्तक उचलताना आजूबाजूला बघतात. त्यामुळं आपल्याकडं किशोरवयाच्या उत्तम कादंबऱ्या मोठ्यांच्या कपाटात बसल्या आहेत. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (२००४) नववीतल्या मुकुंद जोशीची, आणीबाणीच्या काळातली. अंतराच्या हिशेबानं ती यंग अॅडल्टला लागून आहे, कारण मुकुंद मोठा होऊन मागं वळून पाहत नाही. पण त्या मुलाच्या नजरेला राजकारण कडेकडेनंच दिसतं, मधोमध त्याला आवडणारी शिरोडकर असते. ज्या वाचकाला आणीबाणी म्हणजे काय हे माहीत आहे त्याला त्या कडांवर बरंच काही वाचता येतं, आणि ज्याला माहीत नाही त्याला मधलं पुरतं. इथं अंतर निवेदनात नाही, पुस्तक आणि वाचक यांच्यामध्ये आहे. म्हणून ते पंधराव्या वर्षी एक पुस्तक असतं आणि पस्तिसाव्या वर्षी दुसरं. उलट भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’चा (१९६३) पांडुरंग पंचविशीचा आहे आणि बालपणापासूनचं सगळं मागं वळून सांगतोय. पंचवीस म्हणजे खरंतर फार लांब नव्हे, पण आवाजातला तो अलिप्तपणा पाहता हा माणूस पन्नास वर्षं मागं टाकून आल्यासारखा बोलतो. त्या कादंबरीची जी काही जादू आहे तिचा मोठा भाग वय आणि अंतर यांच्या या न जुळणाऱ्या हिशेबात आहे, असं माझं मत.

भाषेचा प्रश्न इथंच येतो, आणि यंग अॅडल्टची मराठी भाषांतरं वाचताना तो सारखा खुपतो. इंग्रजीतल्या वर्तमानकाळी निवेदनाचं मराठीत करायचं काय? ‘मी चालते’ लिहिलं तर ते रोजच्या सवयीसारखं वाचलं जातं, सकाळच्या फिरण्यासारखं. ‘मी चालतेय’ बरोबर आहे, पण तीनशे पानं दर वाक्याच्या शेवटी ‘तेय’, ‘तोय’ ऐकून कान विटतात. कंटाळून भाषांतरकार ‘मी चालले’, ‘मी धावले’ असं भूतकाळात घसरतो, आणि वाचकाला नकळत कळतं की बाई जिवंत सुटलेली आहे. सगळा ताण तिथंच ढिला. शिवाय मराठी बोलण्यात गोष्ट सांगतानाचा एक वर्तमानकाळ आहेच: ‘मी दार उघडतो, बघतो तर काय, समोर हा उभा!’ पण तो वापरणारा माणूस संकटातून सुखरूप बाहेर पडून चार जणांत बसून रंगवून सांगत असतो. म्हणजे इंग्रजीत जो काळ अंतर शून्यावर आणतो, तोच मराठीत ‘आता काळजी नाही’ असं डोळा मिचकावून सांगतो. यावर चांगल्या भाषांतरकाराकडं उपाय असतात: क्रियापद गाळलेली तुटक वाक्यं, ‘दार. बंद. आतून आवाज’ अशी. किंवा दिसणं-ऐकू येणं यांवर वाक्य बांधून कर्त्यालाच मागं सारणं. भाषांतर विकत घेण्यापूर्वी एखादा पळापळीचा प्रसंग उघडून दोन पानं मोठ्यानं वाचावीत. जीभ ‘तेय-तेय’वर अडखळली किंवा काळ मध्येच बदललेला दिसला तर ते पुस्तक मूळ भाषेत जमत असेल तर तिथंच वाचलेलं बरं. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ची निवडही त्याच दोन पानांत तपासून होते. सोळा वर्षांच्या दोन मुलांनी एकमेकांना ‘तुम्ही’ म्हटलं, तर पुढं वाचू नये.

मोठं झाल्यावर यंग अॅडल्ट वाचणाऱ्यांची सगळ्यात मोठी तक्रार म्हणजे यांचे आईबाप असतात कुठं? मेलेले असतात, प्रवासाला गेलेले, आजारी, दारूत बुडालेले किंवा निव्वळ मूर्ख. हा लेखकाचा आळस नाही, निदान नेहमी नाही. समंजस आई घरात असेल तर तिसऱ्या प्रकरणात मुलगी तिला सगळं सांगेल आणि कादंबरी चाळीस पानांत संपेल. निर्णय सोळा वर्षांच्या डोक्यातच व्हायला हवा असेल तर मोठ्यांचे सगळे दरवाजे बंद करणं भाग आहे. परीक्षा एवढीच करावी की दरवाजा कसा बंद केलाय. ‘हंगर गेम्स’मध्ये वडील खाणीतल्या स्फोटात गेलेत आणि आई त्या धक्क्यानं मिटून गेली होती. तिच्यावरचा मुलीचा राग, आणि त्यामुळं लहान बहिणीची आईच होऊन बसणं, यातूनच मग ती त्या खेळासाठी बहिणीच्या जागी पुढं येते. अनुपस्थितीला इथं काम दिलंय. जिथं आईबाप नुसते परगावी गेलेत आणि फोनही लागत नाही, तिथं शंका घ्यावी.

मोठ्यांच्या कादंबऱ्यांचेही लाडके दोष असतात, फक्त त्यांना कुणी दोष म्हणत नाही. आजोबांच्या तारुण्याची साठ पानं. कादंबरी लिहिणाऱ्या लेखकाविषयीची कादंबरी. धूसरपणा, जो खोली म्हणून खपतो. किशोर निवेदक आपल्या भावना फार फोडून सांगतो हे खरं, पण मोठा निवेदक त्या इतक्या दडवतो की दडवायला काही होतं का असा प्रश्न पडावा, हेही तितकंच खरं.

वाचण्याच्या शिस्तीबद्दल आता. दोन्ही प्रकारची पुस्तकं एकाच वेळी चालू ठेवणारे बरेच असतात, आणि बहुतेकांचं संथ पुस्तक मरतं. दिवसाच्या शेवटी थकलेलं डोकं वेगवान पुस्तकच उचलणार. सलग चार-पाच दिवस संथ पुस्तकाकडं फिरकलं नाही की त्यातली नावं पुसली जातात, मग दहा पानं मागं जावं लागतं, मग कंटाळा. उपाय सोपा आहे: संथ पुस्तकाला दिवसातली पहिली बैठक, वेगवानाला उरलेली. संथ पुस्तकाची पहिली बैठक तर निदान चाळीस पानांची हवी, त्याखाली त्याचा आवाज कानात बसत नाही. नावांसाठी एक खूणचिठ्ठी ठेवावी आणि पात्र पहिल्यांदा आलं की नाव, पान आणि नात्याचा एक शब्द एवढंच टिपावं. जास्त लिहिलं की ते वहीचं काम होतं आणि चार दिवसांत सुटतं.

थांबायचं कुठं, याचाही नियम दोन्हींकडं उलटा आहे. ‘हंगर गेम्स’मध्ये सत्तावीस प्रकरणं आहेत, नऊ-नऊचे तीन भाग, आणि जवळपास प्रत्येक प्रकरण आकड्यावर संपतं, म्हणजे मासा अडकतो तसा वाचक अडकावा अशा वाक्यावर. प्रकरण संपल्यावर झोपू म्हणणारा पहाटेपर्यंत जागतो. अशा पुस्तकात प्रकरणाच्या मध्येच थांबावं, आधीचा पेच सुटून दोन पानं झाली की. तिथं लेखकानंही श्वास घेतलेला असतो. मोठ्यांच्या कादंबरीत मात्र प्रकरण किंवा मोकळी ओळ आल्याशिवाय उठू नये. तिथला परिच्छेद लांब असतो, आणि मध्येच सोडलेला विचार दुसऱ्या दिवशी त्याच जागी सापडत नाही.

वेळेचा अंदाज हवा असेल तर इंग्रजी ललित मजकूर मनात वाचण्याचा सरासरी वेग मिनिटाला अडीचशे शब्दांच्या आसपास धरतात. सत्तर हजार शब्दांची यंग अॅडल्ट कादंबरी म्हणजे पावणेपाच तास. लाखाची मोठ्यांची कादंबरी कागदावर पावणेसात तासांची दिसते, पण तिथं वेग तेवढा राहत नाही. स्वतःचा वेग मोजायचा तर पुस्तकाच्या पन्नास ते साठ या पानांवर घड्याळ लावावं. पहिल्या दहा पानांवर मोजलेला आकडा नेहमी चुकतो, तेव्हा आपण अजून उंबऱ्यावर असतो.

पुनर्वाचनात सगळ्यात जास्त घोळ होतात. पंधराव्या वर्षी वाचलेली कादंबरी पुन्हा उघडून ‘अरे, एवढीशीच होती?’ म्हणून मिटणारे पुष्कळ. ते स्वतःची आठवण तपासत असतात, पुस्तक वाचत नसतात. दुसऱ्या वाचनात नायकाला सोडून द्यावं आणि एकाच मोठ्या पात्राच्या मागं जावं, शिक्षक, काकू, कुणीही. ते पात्र येतं ती पानं तेवढी खुणावून सलग वाचली तर लेखकाला त्याच्याबद्दल किती ठाऊक होतं ते समजतं. चांगल्या पुस्तकात त्या माणसाची एक स्वतंत्र गोष्ट निघते, जी निवेदक मुलाला दिसलेली नसते. वाईट पुस्तकात तो माणूस फक्त दार उघडायला आणि रागवायला आलेला असतो. ‘शाळा’वर हा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे.

शेवटांबद्दल एक समज आहे की यंग अॅडल्टमध्ये आशा सक्तीची असते. १९७४ मध्ये रॉबर्ट कॉर्मियरची ‘द चॉकलेट वॉर’ आली. शाळेतल्या टोळीपुढं एकटा उभा राहणारा मुलगा, आणि शेवटी तो हरतो. नुसता हरत नाही, उभं राहायलाच नको होतं असं त्याला वाटू लागतं. शेवट बदला, असं प्रकाशकांनी सुचवून पाहिलं. कॉर्मियरनं बदलला नाही. ही गोष्ट तृतीयपुरुषी आहे, कधी या मुलाच्या डोक्यात, कधी त्या, आणि सगळं जवळून. ‘आम्ही तेव्हा हरायचो’ म्हणायला मोठा होऊन परत आलेला कुणी त्यात नाही. तो मुलगा हरतो तेव्हा आपण मैदानातच असतो, आणि पुढचं पान कोरं असतं.